गाळातलं गणगोत : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जाता जाता मी एक वाक्य लिहिलं होतं. सांडपाणी शुद्ध करायला त्यात हवा घालावीच लागते असं नाही. हवा अजिबात न देताही ते काम होतं आणि वर गॅस मिळतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकते. एकतीस वर्षं मी सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत काढली, त्यातली निम्मी अशा बंद टाक्यांच्या शेजारी. त्यामुळे उत्तरांत पुस्तक कमी आणि बादली जास्त दिसली तर समजून घ्या.

प्रश्न : हवेशिवाय जगणारे जंतू घाण खातात म्हणता. पण खाल्लेलं जातं कुठे? नाहीसं तर होत नसेल.

नाहीसं होत नाही, तेच तर गंमतीचं आहे. सांडपाण्यातली घाण आम्ही सीओडी या मापात मोजतो, म्हणजे ती पूर्ण जाळायला रासायनिकदृष्ट्या किती ऑक्सिजन लागेल ते. हवा दिलेल्या टाकीत जंतूंना भरपूर ऑक्सिजन असतो. ते साधारण निम्मी घाण पूर्ण जाळतात, त्यातली सगळी ऊर्जा स्वतः घेतात आणि त्या जोरावर उरलेल्या घाणीतून वाढतात. एक किलो सीओडी खाल्ला की चारशे-पाचशे ग्रॅम नवा गाळ तयार. म्हणजे पाण्यातली निम्मी घाण जंतूंच्या रूपात टाकीतच उरली! तो गाळ काढा, सुकवा, कुठेतरी नेऊन टाका. वर ब्लोअरचं वीजबिल आहेच.

बंद टाकीत ऑक्सिजनच नाही, त्यामुळे जाळणं अर्धवट राहतं. जवळजवळ सगळी ऊर्जा मिथेनमध्ये बांधली जाते आणि बुडबुड्यांतून वर निघून जाते. जंतूंच्या वाट्याला उष्टं-माष्टं येतं. म्हणून गाळ वाढतो तो किलोमागे फार तर पन्नास ते शंभर ग्रॅम. एक किलो सीओडी गेला की शून्य अंश तापमानाच्या हिशेबाने ०.३५ घनमीटर मिथेन निघतो. दिवसाला एक टन सीओडी काढणारी टाकी असेल तर ३५० घनमीटर मिथेन, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने साधारण ३,५०० युनिट. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी दशांशचिन्ह चुकलं म्हणून दोनदा तपासला होता.

दलदलीतून निघणारा गॅस पेटतो हे अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ सालीच पाहिलं होतं. इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल काठीने ढवळून त्यांनी बुडबुडे गोळा केले होते. आणि १८९०च्या दशकात इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सेप्टिक टाकी बांधली, तेव्हा तिच्यातल्या गॅसवर तिथलेच दिवे लावले होते.

प्रश्न : मी एका कारखान्यात बंद टाकी, म्हणजे अ‍ॅनेरोबिक रिअ‍ॅक्टर चालवतो. दहा दिवसांपासून गॅस कमी झालाय, बाहेरच्या पाण्याचा सीओडी वाढलाय. पीएच मात्र ७.१ आहे, म्हणजे सगळं ठीक असायला हवं. साहेब म्हणतात बॅक्टेरियाची पावडर आणून टाकू. टाकू का?

पावडर नंतर. आधी त्या ७.१ वर विसंबू नका. पीएच हा घरातला असा माणूस आहे, जो सगळं बिघडून गेल्यावर बोलतो. टाकीतल्या पाण्यात बायकार्बोनेटची क्षारता असते. आम्ल वाढलं की आधी ती खर्च होते, आणि ती पुरते तोवर पीएच हलत नाही. ती संपली की एका रात्रीत साडेसहाच्या खाली.

हे मी शिकले ते माझ्या चुकीतून. एका स्टार्चच्या कारखान्यात, नाव सांगत नाही, दोन दिवस उत्पादन बंद होतं. सगळं पाणी आधीच्या साठवण टाकीत तुंबलं होतं. सोमवारी टाकी रिकामी करायची घाई, म्हणून पंप दुप्पट वेगाने चालवला. पहिल्या दिवशी गॅसमीटर नेहमीपेक्षा पुढे! सगळे खूश, मीही. तो मिथेन नव्हता हो. वाढत्या आम्लाने पाण्यातलं बायकार्बोनेट फोडून बाहेर काढलेला कार्बन डायऑक्साइड होता. तिसऱ्या दिवशी फ्लेअर, म्हणजे गॅस जाळायची मशाल, विझायला लागला. पीएच तेव्हाही ६.९. रात्रपाळीने पहाटे तीनला फोन केला तेव्हा ६.१.

मी पोचेपर्यंत कुणीतरी चुन्याची पोती फोडून ओतली होती. चुना पडला की तो गॅसमधला कार्बन डायऑक्साइड अधाशासारखा ओढतो. टाकीतला दाब उतरला, दाब दाखवणाऱ्या यू नळीतलं पाणी बाहेर यायच्या ऐवजी आत खेचलं जायला लागलं, आणि वरच्या घुमटाचा पत्रा ढब् करून आत बसला. निर्वात झडप वेळेवर उघडली म्हणून घुमट वाचला. तो ढब् आवाज माझ्या कानात अजून आहे. मग फीड, म्हणजे टाकीत जाणारं सांडपाणी, पूर्ण बंद, नुसतं आतलं पाणी आत फिरवत राहायचं, सोडा बायकार्ब दिवसातून तीनदा थोडाथोडा, आणि दुसऱ्या एका प्लांटमधून दोन टँकर चांगला गाळ मागवला. पूर्ववत व्हायला बावन्न दिवस लागले. आम्ही त्या टाकीबद्दल बोलताना ‘बिघडली’ म्हणत नसू, ‘आंबली’ म्हणत असू. शब्द अगदी नेमका आहे.

चूक पंप चालवणाऱ्याची तर होतीच, पण मोठी चूक माझी होती. टाकीतल्या आम्लांची आणि क्षारतेची चाचणी मी आठवड्यातून एकदा करत असे. ती रोज केली असती तर मंगळवारीच कळलं असतं. तुम्ही आजच करा. वीस मिली गाळलेला नमुना घ्या, ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल ब्युरेटमध्ये भरा. आधी पीएच ५.० पर्यंत किती लागलं ते लिहा, मग तिथून ४.४ पर्यंत किती लागलं ते. पहिल्या आकड्यावरून क्षारता येते, दुसऱ्यावरून आम्लं. सूत्र तुमच्या लॅबमध्ये भिंतीवर असेलच. आम्लं भागिले क्षारता ०.३ च्या खाली असेल तर निवांत राहा. ०.४ च्या वर गेलं तर आजच फीड निम्मा करा, साहेबांना उद्या सांगा. ०.८ ला पोचलं तर माझ्या बावन्न दिवसांची तयारी ठेवा.

आता पावडर. हिशेब असा : तुमची टाकी समजा ५०० घनमीटरची आहे आणि दर घनमीटरला वीस किलो जिवंत गाळ आहे. म्हणजे दहा हजार किलो जंतू. त्यात एक किलोचं पुडकं टाकून काय फरक पडणार? शिवाय मिथेन करणाऱ्यांना ऑक्सिजन सोसत नाही. हवेत सुकवून पुडक्यात भरलेले त्यातले किती जिवंत राहिले असतील हा प्रश्न आहेच. गाळच कमी पडला असेल तर चालू टाकीतला ओला, काळा गाळ टँकरने आणा. मात्र तुमचं दुखणं गाळ कमी असण्याचं वाटत नाही, फीड जास्त झाल्याचं वाटतं. दहा दिवसांपूर्वी काय बदललं? नवं उत्पादन, धुण्याचं नवं रसायन, तापमान? लॉगबुक उघडा. उत्तर बहुधा तिथेच रात्रपाळीच्या अक्षरात लिहिलेलं असतं.

प्रश्न : मॅडम, मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मिथेन करणारा नेमका बॅक्टेरिया कोणता? आम्हाला एकच नाव पाठ करायला सांगितलंय.

बाळ, एक नाव पाठ केलंस तर गुण मिळतील, पण दोन गोष्टी चुकीच्या शिकशील. पहिली म्हणजे मिथेन करणारे बॅक्टेरिया नव्हेतच. ते आर्किया. कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि हा गट बॅक्टेरियांपासून मुळातच वेगळा असल्याचं दाखवलं. कारखान्यात आम्ही सगळ्यांना सरसकट ‘बॅक्टेरिया’ म्हणतो, ते सोड.

दुसरी चूक म्हणजे ‘एक’. या कामाला एकटा कुणी पुरा पडत नाही. याची एक छान गोष्ट आहे. मिथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की नावाचा एक जीव १९४०च्या सुमारापासून प्रयोगशाळांत होता. तो एकटाच इथेनॉलपासून मिथेन करतो असं सगळे मानत. पाव शतक त्यावर शोधनिबंध लिहिले गेले. १९६७ मध्ये मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एक जीव नाहीच, दोघांचं बिऱ्हाड आहे! एक जण इथेनॉलचं अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) करून हायड्रोजन सोडतो आणि दुसरा तो हायड्रोजन खाऊन मिथेन करतो. हायड्रोजन साचला तर पहिल्याचं काम थांबतं, आणि पहिला थांबला तर दुसऱ्याची उपासमार. त्यांना वेगळं करणं इतकं अवघड का गेलं, ते आता तुझ्या लक्षात येईल.

टाकीत असंच मोठं गणगोत असतं. काही जण स्टार्च, प्रथिनं, चरबी यांचे लांब रेणू तोडतात. काही जण त्या तुकड्यांची आम्लं करतात. हे चटपटीत, तासांत दुप्पट होतात. त्यानंतर त्या आम्लांतली प्रोपिऑनेट आणि ब्युटिरेट खाणारे येतात, घरातले सर्वांत नाजूक. प्रोपिऑनेटवाल्यांना आजूबाजूला हायड्रोजन वातावरणाच्या दहा-हजारांश दाबाहूनही कमी लागतो, नाहीतर त्यांना जगण्यापुरतीही ऊर्जा सुटत नाही. म्हणून हायड्रोजन खाणारे त्यांना अगदी चिकटून बसलेले असतात. आणि शेवटी अ‍ॅसिटेट खाणारे. साधारण सत्तर टक्के मिथेन यांच्याकडून येतो. यांतला मिथॅनोथ्रिक्स, जुन्या पुस्तकांत मिथॅनोसीटा, चार ते सात दिवसांनी एकदा दुप्पट होतो. आम्ल करणारे तासांच्या घड्याळावर, आम्ल संपवणारे आठवड्याच्या कॅलेंडरवर. टाकी आंबते ती या दोन घड्याळांमुळे, आणि वरच्या वाचकाला मी फीड निम्मा करायला सांगितला तोही त्यामुळेच.

एक जास्तीचं, परीक्षेत येणार नाही. मिथेन तयार होण्याच्या शेवटच्या पायरीच्या विकरात निकेल असतं. कधी कधी टाकी सगळं नीट असूनही मरगळते आणि निकेल-कोबाल्टचा कणभर डोस दिला की उठून बसते. मी हे एकदाच पाहिलं, पण विसरले नाही.

प्रश्न : हे जीव इतके सावकाश वाढतात, मग पाण्याबरोबर वाहून कसे जात नाहीत?

जातात की! म्हणूनच जुन्या टाक्या अवाढव्य असत. पाणी वीस-वीस दिवस आत ठेवायचं, म्हणजे जंतूंना वाढायला वेळ मिळे. पाणी काही तासांत बाहेर आणि जंतू मात्र महिनोन्‌महिने आत, ही युक्ती जमली ती १९७०च्या दशकात, नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनला, गात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. शुगर बीटच्या साखर कारखान्याचं पाणी त्यांनी टाकीच्या तळातून वर सोडलं, ताशी अर्धा-एक मीटर इतक्या मंद वेगाने. वर गॅस, पाणी आणि गाळ वेगळे करणारी उलटी नरसाळी बसवली. हलकं, विस्कळीत ते वाहून गेलं आणि जे जीव एकमेकांना धरून राहिले ते खाली टिकले. त्यांच्या गोळ्या झाल्या. हीच यूएएसबी, म्हणजे पाणी गाळाच्या थरातून खालून वर नेणारी बंद टाकी. लेटिंगांनी तिचं पेटंट घेतलं नाही, आणि ती जगभर पसरली त्यात याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

नमुन्याच्या नळातून एक लिटर गाळ काढा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये ओता. चांगला गाळ असेल तर मोहरीएवढे काळे, गुळगुळीत दाणे घरंगळत जातात. बोटांत धरून दाबला तर दाणा चटकन फुटत नाही, आधी रबरासारखा दबतो. ब्लेडने कापला तर आत कधी कधी राखाडी-पांढरट गाभा दिसतो. उंच मोजपात्रात टाकलात तर बहुतेक दाणे थेट तळाशी जातात, एखाद-दुसरा मात्र पोटाला गॅसचा बुडबुडा चिकटवून वर येतो, पृष्ठभागावर बुडबुडा सोडतो आणि पुन्हा खाली. मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच दाखवायची. अर्धा तास कुणी हलत नसे.

हे दाणे उपाशीही राहू शकतात. कारखाना हंगामी असेल तर काही महिने नुसते पडून राहतात आणि फीड सुरू केला की काही दिवसांत कामाला लागतात.

प्रश्न : टाकीच्या आसपास सडक्या अंड्याचा वास येतो. आतून साफ करताना माणूस उतरवावा का?

नाही. परवाना, गॅसची मोजणी, सतत ताजी हवा, श्वसनयंत्र, दोर आणि वर उभा माणूस यांतलं एकही कमी असेल तर कुणीही उतरू नये, ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणणारा तर मुळीच नाही. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेत दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाले की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. सातशे-हजार भागांना माणूस एका-दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावत उतरतो, मग तिसरा. अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा बहुतेक वेळा एकाहून जास्त असतो, तो यामुळे.

वास मुळात येतो कारण पाण्यात सल्फेट आहे. सल्फेट वापरणारे जंतू मिथेनवाल्यांच्या ताटातलंच खातात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. एक किलो सल्फेट ०.६७ किलो सीओडी फस्त करतं. सीओडी सल्फेटच्या दहापट असेल तर फारसं बिघडत नाही. त्याहून खाली गेलात की गॅस कमी, वास जास्त, पाइप गंजलेले. सल्फेट कुठून येतंय ते शोधा. पुष्कळदा आधीच्या टाकीत पीएच जुळवायला ओतलेलं सल्फ्युरिक आम्लच निघतं.

प्रश्न : घरच्या सेप्टिक टाकीत दर महिन्याला जंतूंची पावडर टाकतो. फायदा आहे ना?

विकणाऱ्याला आहे. तुमच्या टाकीत जंतू रोज नव्याने येतात, कुठून ते सांगायला नको. गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला की उपसा करून घ्या, आणि संडासात ब्लीचच्या बाटल्या रिकाम्या करू नका.

प्रश्न : बंद टाकीतून बाहेर पडलेलं पाणी सरळ नदीत सोडलं तर?

सोडू नका. शहराचं सांडपाणी अशा टाकीतून गेलं की जैविक घाण साधारण दोन तृतीयांश ते पाऊण कमी होते, उरलेली तशीच. नायट्रोजन कुठे जात नाही, फक्त अमोनियाच्या रूपात समोर येतो. रोगजंतूही बरेचसे शाबूत असतात. त्यामुळे मागे हवेची एखादी पायरी लागतेच, फक्त ती खूप लहान पुरते. हवेवाली टाकी विरुद्ध बंद टाकी असे वाद मी सभांमध्ये पुष्कळ ऐकले आहेत. मला ते सासू-सुनेच्या भांडणासारखे वाटतात, घर दोघींवर चाललेलं असतं.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. पातळ, गारसर पाण्यात मिथेनचा एक हिस्सा विरघळून पाण्याबरोबरच बाहेर जातो. शहरी सांडपाण्यात तो पाव हिस्सा सहज असू शकतो. पाणी थंड असेल तेवढा जास्त. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट तापवतो. मग ‘हरित तंत्रज्ञान’ अशी पाटी लावायची तर हा मिथेन बाहेर जाण्याआधी पकडायला नको का? कारखान्याच्या दाट, कोमट पाण्यात हा प्रश्न जवळजवळ नाही, म्हणून माझा कल पहिल्यापासून तिकडे आहे.

प्रश्न : नवी टाकी सुरू करून ४७ दिवस झाले. मीटर फिरतंय, फ्लेअर पेटवला, पण ज्योतच दिसत नाही. गॅस जळतोय की नुसता सुटतोय?

सत्तेचाळिसाव्या दिवशी मीटर फिरतंय म्हणजे तुम्ही फीड घाईने वाढवलेला नाही, शाबास. मिथेनची ज्योत फिकट निळी असते, भर उन्हात डोळ्याला दिसत नाही. फ्लेअरच्या तोंडावरची हवा थरथरताना दिसते का ते लांबून बघा. हात वर धरून बघू नका. एका फिटरने माझ्यासमोर तसं केलं होतं.

गॅस कसा आहे ते लॅबमध्येही कळेल. हातमोजे आणि चष्मा घाला. मोठ्या सिरिंजमध्ये ४० मिली गॅस घ्या, मग त्यातच कॉस्टिक सोड्याचं वीस मिली द्रावण ओढा, तोंड बंद करून हलवा. कार्बन डायऑक्साइड द्रावणात जातो, दट्ट्या आपोआप आत सरकतो. चाळीसचे सव्वीस उरले तर मिथेन साधारण पासष्ट टक्के, म्हणजे उत्तम. वीसच्या खाली उरले तर ज्योत नीट टिकणार नाही. फीड आहे तेवढाच ठेवा आणि आठवड्याने पुन्हा बघा.

सव्वीस आले असतील तर आज अंधार पडेपर्यंत थांबा, आवारातला दिवा मालवा आणि फ्लेअरकडे बघा. निळी आहे की पिवळी, ते मला लिहून कळवा.